निष्ठा कोणाशी?

गोव्याची पूर्व सरहद्द ओलांडून घाट चढला की उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील अरण्य लागते. जुनी माणसे या प्रदेशाला अजून सुपे म्हणतात. काळी नदीवरील धरणाच्या पाण्यात सुपे गाव गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. बाजारकुणंग हे याच तालुक्यातील एक गाव. या रानात कुणबी समाजाची जुनी वस्ती आहे, आणि आपले पूर्वज पोर्तुगीज अमदानीत गोव्यातून देव सांभाळण्यासाठी वर चढून आले, असे त्यांच्यातील वृद्ध मंडळी परंपरेने सांगत आली आहेत. ज्यांच्याजवळ नेण्यासारखे फारसे काही नव्हते, त्यांनी एक गोष्ट मात्र खाली ठेवली नाही. कसलेली जमीन सोडली, पाण्याचा झरा सोडला, देव सोडला नाही.

निष्ठा या शब्दाचा विचार करताना आम्हांला ही माणसे प्रथम आठवतात. एरवी हा शब्द गोमंतकात फार स्वस्त झाला आहे. २०२२ साली निवडणुकीपूर्वी एका पक्षाच्या उमेदवारांनी देवळात, खुरसासमोर आणि दर्ग्यात पक्षनिष्ठेच्या शपथा घेतल्या आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांच्यापैकी निवडून आलेल्या अकरांतील आठ जण दुसऱ्या पक्षात जाऊन बसले. तो विषय आज आमच्या लेखणीपुढे नाही. आज आम्ही लिहिणार आहोत ते अशा एका गोमंतकीयाविषयी, ज्याच्या आयुष्यात निष्ठेचा प्रश्न वारंवार आणि प्रत्येक वेळी निराळ्या अवघड रूपाने उभा राहिला. १६ जानेवारी हा त्यांचा स्मृतिदिन. ख्रिस्ती बांधव तो सणासारखा पाळतात. आमच्या हिंदू वाचकांस मात्र त्यांचे नाव ठाऊक असते आणि चरित्र ठाऊक नसते, असा आमचा अनुभव आहे. ते म्हणजे फादर जुझे वाझ, २०१५ सालापासून संत जुझे वाझ.

त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे, आजोळी झाला. वडील सांकवाळचे. क्रिस्तोव्हांव वाझ आणि मारिया द मिरांदा हे त्यांचे मातापिता. घराणे सारस्वत ब्राह्मण मुळाचे, दोन-तीन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेले. सांकवाळ हे नाव उच्चारताच आमच्या वाचकांच्या मनात जे येईल ते आम्ही जाणतो. या गावचा श्रीलक्ष्मीनृसिंह आज वेलिंगला आहे आणि श्रीविजयादुर्गा केरीला. १५६७ साली सासष्टीतील देवळे पाडली गेली तेव्हा भक्तांनी देव उचलले आणि जुवारी पार करून अंत्रुज महालात नेले. त्या घटनेला जुझे वाझ जन्मले तेव्हा शंभर वर्षेही झाली नव्हती. ज्या गावातून देवाला परागंदा व्हावे लागले, त्याच गावात हा मुलगा प्रार्थना शिकला. आपल्या खापरपणज्याने कोणासमोर हात जोडले होते हे त्याला घरात कोणी सांगितले असेल काय? सांगितले असले तरी ते चरित्रग्रंथांत उतरलेले नाही.

हे प्रथमच लिहून ठेवणे आम्हांला इष्ट वाटते. फादर वाझ ज्या धर्मसंस्थेचे होते तिने गोव्यातील हिंदूंवर काय काय ओढवले हे विसरून त्यांचे गुणगान करावे, असे आम्ही म्हणणार नाही. इन्क्विझिशन १५६० साली आले ते १८१२ पर्यंत राहिले. वाझांचे सारे आयुष्य त्याच्या छायेतच गेले. परंतु संस्थेचा हिशेब आणि त्या संस्थेत राहून प्रामाणिकपणे जगलेल्या एका माणसाचा हिशेब एकाच वहीत मांडता येत नाही. त्यातही या माणसाच्या आयुष्याचा उत्तरार्ध असा काही विलक्षण आहे, की देव लपवून न्यावे लागलेल्या गावच्या वंशजांनाच तो सर्वांत लवकर समजावा.

१६७६ साली त्यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. गोव्यातील चर्चमध्ये त्या काळी एतद्देशीय पाद्र्याचे स्थान काय होते हे नीट ध्यानात घ्यावयास हवे. फ्रांसिस्कन, जेझुइट, दोमिनिकन वगैरे जे बलाढ्य धर्मसंघ होते त्यांची दारे गोमंतकीयांना बंद होती. ख्रिस्ती धर्मात सर्व समान हे व्यासपीठावरून सांगितले जाई. मठाच्या दारात मात्र कातडीचा रंग पाहिला जाई. देशी माणसाने ग्रामीण चर्चमध्ये युरोपियन धर्मगुरूच्या हाताखाली साहाय्यक म्हणून राहावे, मिस्सा म्हणावी, मोठ्या जागेची आशा धरू नये, असा रिवाज होता. वाझांनी याविरुद्ध कोठे बंड केले असे दिसत नाही. त्यांनी चपला सोडल्या आणि गरिबांसारखे अनवाणी चालण्यास आरंभ केला. सांकवाळला मुलांसाठी लॅटिनची शाळा काढली. आणि ५ ऑगस्ट १६७७ रोजी सांकवाळच्या चर्चमध्ये त्यांनी एक विलक्षण कागद लिहून दिला. तो होता दास्यपत्राचा: आपण मारिया मातेचे कायमचे गुलाम आहोत, आपल्यावर यापुढे तिचीच मालकी, अशा अर्थाचा तो लेख होता. माणसांच्या खरेदी-विक्रीचा व्यापार जेथे उघड चाले, त्या गोव्यात गुलाम या शब्दाचा अर्थ सर्वांना ठाऊक होता. आपल्याकडे दास्यभक्तीची परंपरा मोठी आहे. रामदासांनी तर ती नावातच धारण केली. त्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला वाझांच्या या कागदाचे मर्म वेगळे समजावून द्यावयास नको. सांकवाळच्या त्या चर्चला १८३४ साली आग लागली. आज तेथे केवळ दर्शनी भिंत उभी आहे, आणि त्या जागेवरून अलीकडे दोन समाजांत वादही झडले आहेत.

सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेस जावे असे त्यांच्या मनाने फार पूर्वी घेतले होते. डचांनी १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना पोर्तुगीजांकडून जिंकून घेतले होते. ते प्रॉटेस्टंट पंथाचे. त्यांनी कॅथलिक पाद्र्यांस बेटावरून हाकलले. पाद्र्याला आसरा देणाऱ्यास देहान्ताची शिक्षा ठेवली. बाप्तिस्मा आणि विवाह आपल्या पंथाच्या देवळातच झाले पाहिजेत असा दंडक घातला. तेव्हापासून त्या बेटावरील हजारो कॅथलिक पाद्र्यावाचून होते. ही वार्ता गोव्यात पोचत होती, लोक हळहळत होते, आणि जाण्यास कोणी निघत नव्हते. वाझांनी परवानगी मागितली. वरिष्ठांनी त्यांस धाडले ते मात्र कानडा प्रांतात. ते मुकाट्याने कानड्यात गेले. वर्ष होते १६८१.

कानडा प्रांत म्हणजे होन्नावर, गंगोळी, बसरूर, कल्याणपूर, मंगळूरपर्यंतचा किनारा. तेथे राज्य होते केळदीच्या राणी चेन्नम्माचे. पुढे १६८९ साली जिंजीच्या वाटेवर असलेल्या छत्रपती राजाराम महाराजांस औरंगजेबाचा रोष पत्करून जिने वाट करून दिली, तीच ही राणी. तिच्या राज्यात गोव्यातून गेलेल्या कोकणी ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती होती. पोर्तुगीजांचे किनाऱ्यावरील किल्ले केळदीच्या शिवप्पा नायकाने जिंकून घेतल्यापासून ही माणसे धर्माच्या दृष्टीने उघड्यावर पडलेली होती. परंतु तेथे वाझांच्या वाट्याला जी अडचण आली ती हिंदू राज्यकर्त्यांकडून आलेली नव्हती. ती आली चर्चच्याच घरातून.

हे भांडण थोडे समजावून सांगणे भाग आहे, कारण पुढील सव्वादोनशे वर्षे त्याने पश्चिम किनाऱ्यावरील ख्रिस्ती समाजास स्वस्थता लाभू दिली नाही. पोपने पंधराव्या-सोळाव्या शतकांत पोर्तुगालच्या राजास पूर्वेकडील चर्चचे पालकत्व दिले होते. बिशप कोण असावा हे राजाने सुचवावयाचे, आणि चर्च बांधण्याचा, पाद्री पोसण्याचा भार राजाने वाहावयाचा. याला पाद्रोआदो म्हणत. पुढे पोर्तुगालची सत्ता ओसरली. भार वाहण्याची ताकद राहिली नाही, हक्क मात्र कोणी सोडीना. तेव्हा १६२२ साली रोममध्ये प्रोपागांडा फिदे नावाचे खाते स्थापन झाले आणि त्याने परस्पर आपले प्रतिनिधी-बिशप पाठविण्यास सुरुवात केली. एकाच गावात गोव्याच्या आर्चबिशपने नेमलेला पाद्री आणि रोमने नेमलेल्या बिशपचा पाद्री, असे दोन अधिकार उभे राहिले. एकाने लावलेले लग्न दुसरा मानीना. लोकांनी करावे काय?

कानड्यात रोमचे प्रतिनिधी म्हणून आलेले बिशप तोमाश द काश्त्रु हे स्वतः गोमंतकीयच होते, दिवाडीचे. त्यांचे चुलते मातेउश द काश्त्रु यांस रोमने १६३७ साली बिशप केले होते. लॅटिन पंथाचे ते पहिले भारतीय बिशप, आणि गोव्यातील पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांस कधीच धड मानले नाही. या पार्श्वभूमीवर वाझांची स्थिती पाहावी. ते स्वतः देशी पाद्री. समोरचा बिशप आपल्याच मातीतला, पोर्तुगीजांनी अवमानिलेल्या घराण्यातला, आणि खुद्द पोपच्या हुकमाने आलेला. वाझांस धाडणारे मात्र गोव्याचे धर्माधिकारी, ज्यांना हा बिशप मुळीच मान्य नव्हता. आज्ञापालन करावे तर ज्याच्या नावाने सारा अधिकार चालतो त्या पोपच्या माणसाचा अवमान होतो. बिशपकडे जावे तर पाठविणाऱ्याशी बेइमानी होते. पोर्तुगीजांविषयी मनात थोडी जरी अढी असती तरी बिशपच्या बाजूस जाणे सोपे होते, आणि बढतीची हाव असती तर गोव्याच्या बाजूने कडाकडा भांडून नाव कमावणे त्याहून सोपे होते.

वाझांनी यांतले काहीच केले नाही. ते बिशपला भेटले, त्यांच्याशी आदराने वागले, गोव्याने दिलेली नेमणूकही टाकली नाही, आणि वादाचा निवाडा रोमकडून येईपर्यंत लोकांची बाप्तिस्मे, लग्ने, प्रेतसंस्कार अडू नयेत एवढ्यावर साऱ्यांचे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला. गावोगाव चालत फिरले. पडलेली चर्चे उभी केली, मुलांच्या शिक्षणाची सोय पाहिली. भांडण मिटले असे नाही. तसे यश त्यांच्या पदरी पडले नाही. १६८४ साली बिशप काश्त्रु मंगळुरात मरण पावले आणि त्याच वर्षी वाझ गोव्यास परत आले.

ते आले तेव्हा गोवे नुकतेच मोठ्या संकटातून निभावले होते. संभाजी महाराजांच्या फौजा राजधानीच्या वेशीपर्यंत येऊन परतल्या होत्या. धास्तावलेल्या विजरईने आपला राजदंड फ्रांसिस झेवियरच्या शवपेटीपाशी ठेवून त्याची करुणा भाकली होती. त्याच विजरईने २७ जून १६८४ रोजी कोकणी भाषा बंद करून सर्वांनी पोर्तुगीज बोलावे असे फर्मान काढले. संकटात संताकडे धाव घ्यावयाची आणि संकट टळताच प्रजेच्या जिभेवर पहारा बसवावयाचा, ही राज्यकर्त्यांची रीत नवी नव्हती.

जुन्या गोव्याजवळच्या टेकडीवर, साक्षात्कारी खुरसाच्या चर्चमध्ये, काही देशी पाद्री एकत्र राहून व्रतस्थ जीवन जगण्याचा प्रयत्न करीत होते. युरोपियन संघ आपल्याला घेत नाहीत तर आपण आपला संघ करू, असा त्यामागील विचार. १६८५ साली वाझ त्यांना जाऊन मिळाले, त्यांचे प्रमुख झाले आणि ओरातोरियन पंथाच्या धर्तीवर त्यांनी त्या मंडळास शिस्त लावून दिली. एतद्देशीय पाद्र्यांचा हा पहिला धर्मसंघ. गोऱ्यांच्या मठात रंग पाहतात म्हणून दुखावलेल्या या मंडळींनी आपल्या मठाची दारे मात्र ब्राह्मण कुळातून आलेल्या ख्रिस्ती तरुणांसच उघडी ठेवली, हेही येथे नमूद करणे प्राप्त आहे. धर्म बदलला तरी जात घाट चढून जात नाही की नदी पार करीत नाही. ती अंगणातच बसून राहते.

संघाचे प्रमुखपद मिळून वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच वाझांनी ते सोडले. १६८६ साली ते निघाले. सोबत जुवांव नावाचा एक तरुण सेवक होता. किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेस जात ते तुतिकोरीनला पोचले. पाद्री या वेषात डचांच्या मुलखात पाऊल ठेवणे शक्य नव्हते. त्यांनी झगा उतरविला आणि कंबरेस फडके गुंडाळून हमालाच्या रूपात ते १६८७ साली जाफन्याला उतरले. सासष्टीतल्या प्रतिष्ठित ब्राह्मण कुळातला, लॅटिन आणि पोर्तुगीज जाणणारा पस्तिशी ओलांडलेला माणूस परमुलखात ओझी वाहणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिला. आल्या आल्या ते आमांशाने अंथरूणास खिळले. अंथरूण तरी कसले, वाटेच्या कडेची जमीन. कोणा दयाळू बाईने पेज घातली म्हणून जगले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

बरे झाल्यावर आपले लोक ओळखावयाचे कसे हा प्रश्न होता. कोणावर विश्वास टाकावा? त्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि घरोघर भीक मागत फिरू लागले. माळ पाहून कोणाच्या डोळ्यांत काही हलते काय, हे ते पाहत. अखेर एका घरात ते हलले. मग रात्रीच्या वेळी, दारे लावून, दिवा झाकून मिस्सा होऊ लागली. तीस वर्षांत ज्यांनी पाद्री पाहिला नव्हता ती माणसे अंधारातून चालत येऊ लागली. जाफन्याजवळच्या सिल्लालै या गावाने त्यांस लपवून ठेवले. १६८९ च्या नाताळच्या रात्री डच शिपायांनी छापा घातला. वाझ निसटले, जमलेल्यांपैकी प्रमुख मंडळींस फटके बसले, तुरुंगवास घडला. त्यांनी आपल्या पाद्र्याचा ठावठिकाणा सांगितला नाही.

आम्ही येथे क्षणभर थांबू इच्छितो. झाकलेला दिवा, रात्रीची पूजा, पहाऱ्यावर ठेवलेले पोर, सरकारी धर्माच्या देवळात नाइलाजाने लावलेले लग्न आणि मग घरी येऊन आपल्या रीतीने केलेला विधी. हे सारे आमच्या वाचकांनी आपल्या आज्या-पणज्यांकडून ऐकलेले आहे. फक्त तेथे छळणारे डच होते आणि छळले जाणारे कॅथलिक. सांकवाळचा देव रात्री होडीत घालून नेणारी माणसे आणि सिल्लालैत पाद्र्याला कणगीआड दडविणारी माणसे एकमेकांसमोर आली असती तर त्यांना परस्परांची भाषा कळली नसती, पण भीती कळली असती. वाझांस या सादृश्याची जाणीव झाली होती काय, हे त्यांच्या पत्रांतून शोधण्याचा मोह आम्ही आवरतो. मात्र एवढे निश्चित की ज्या धर्मसंस्थेला गोव्यात तलवारीचे बळ होते तिचा हा सेवक सिलोनमध्ये कोणत्याही बळावाचून उभा होता, आणि त्याच्या चारित्र्याचे तेज तेथेच प्रकट झाले.

डचांची पकड आवळली तेव्हा ते पुत्तळमला आणि तेथून १६९२ साली कँडीला गेले. बेटाच्या मध्यभागी डोंगरात असलेले हे स्वतंत्र बौद्ध राज्य. राजा दुसरा विमलधर्मसूर्य. पोर्तुगीजांचा हेर आला आहे, असे दरबारातील लानेरोल नावाच्या एका फ्रेंच प्रॉटेस्टंटाने राजाच्या कानी घातले आणि वाझांस कैद झाली. संशय अगदीच अस्थानी होता असे म्हणता येणार नाही. पोर्तुगीजांच्या मागे पाद्री आणि पाद्र्यांच्या मागे पोर्तुगीज, हा क्रम सिलोनने पाहिलेला होता. राजाने माणूस पारखण्यास वेळ घेतला. कैदेत वाझ सिंहली शिकत होते. पुढे पहारा सैल झाला. आवारात एक झोपडीवजा चर्च उभे राहिले. एका अवर्षणात वाझांनी प्रार्थना केली आणि पाऊस आला, अशी कथा तेथे सांगतात. आमच्या दृष्टीने तीपेक्षा महत्त्वाची घटना पुढची आहे. १६९७ च्या सुमारास कँडीत देवीची साथ आली. लोक आजाऱ्यांना रानात टाकून पळू लागले. वाझ आणि त्यांचे भाचे फादर जुझे कार्व्हालू मागे राहिले. त्यांनी रोग्यांसाठी आसरे उभारले, अन्न शिजवून घातले, घाण उपसली, आणि कोणी हात लावीना अशी प्रेते पुरली. त्यांत बौद्ध होते, हिंदू होते, ख्रिस्तीही होते. साथ ओसरल्यावर राजाच्या मनात संशय उरला नाही.

या राजाविषयीही चार शब्द लिहिले पाहिजेत. तो निष्ठावंत बौद्ध होता. त्याच सुमारास त्याने आराकानहून भिक्षू आणवून सिलोनमधील खंडित झालेली भिक्षुदीक्षेची परंपरा पुन्हा सुरू केली. स्वतःच्या धर्माची घडी बसविणारा हा पुरुष परधर्माच्या एका फकिराला आपल्या राजधानीत निर्भयपणे राहू देत होता, आणि ख्रिस्ती म्हणविणारे डच त्याच फकिराच्या मागावर शिपाई सोडीत होते. त्याच्यामागून १७०७ साली गादीवर आलेल्या नरेंद्रसिंहानेही हेच धोरण चालविले.

जवळजवळ दहा वर्षे वाझ त्या बेटावर एकटेच पाद्री होते. पुढे गोव्याच्या त्यांच्या संघातून एक एक करून माणसे येऊ लागली. १७०५ साली आले ते दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्व्हिस. सिंहली आणि तामिळ या दोन्ही भाषांत त्यांनी इतके लिहिले की सिंहली ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभ त्यांच्यापासून मानतात. गोव्यात ज्या काळी कोकणीवर बंदी घालणारी फर्माने निघत होती, त्या काळी गोव्याचेच पाद्री सिलोनमध्ये तेथील लोकांच्या भाषेची सेवा करीत होते. वाझ स्वतः वेषांतर करून कोलंबोच्या डच वेशीतूनही आत-बाहेर करीत. सारे बेट त्यांनी पायी पालथे घातले.

आणि मग जुना प्रश्न पुन्हा दारात आला. १७०४ च्या सुमारास पोपचे दूत शार्ल द तुर्नों पाँडिचेरीस उतरले होते. वाझांची कीर्ती त्यांच्या कानी गेली आणि सिलोनसाठी स्वतंत्र बिशप म्हणून त्यांस नेमावे असे त्यांनी मनात आणले. पद मोठे होते. देशी पाद्र्याच्या वाट्याला ते जवळजवळ कधी येतच नसे. गोव्यात ज्यांना साहाय्यकाच्या वर चढू दिले नसते त्या माणसाला रोमचा दूत बिशपची टोपी देऊ करीत होता. परंतु सिलोन हा पोर्तुगीज पालकत्वाखालील कोची धर्मप्रांताचा भाग. कोचीच्या बिशपने वाझांस आपले तेथील मुख्य प्रतिनिधी नेमलेले होते. रोमच्या खात्यामार्फत आलेले पद स्वीकारले असते तर कानड्यात पाहिलेले भांडण सिलोनमध्येही सुरू झाले असते, आणि आधीच भेदरलेल्या लोकांस दोन धन्यांपुढे उभे राहावे लागले असते. वाझांनी नकार दिला. त्यांनी अधिकार नाकारला आणि काम चालूच ठेवले.

चर्चमधील नेतृत्व म्हणा, मठाचे किंवा संप्रदायाचे म्हणा, तेथे निष्ठा शब्द बहुधा खालून वर जाणारा असतो. शिष्याने गुरूशी, पाद्र्याने बिशपशी, पुजाऱ्याने महाजनांशी निष्ठावंत असावे. वरून खाली येणाऱ्या निष्ठेविषयी कोणी फारसे बोलत नाही. वाझांनी वरिष्ठांची आज्ञा एकदाही मोडल्याचे दिसत नाही. परंतु त्यांचे आज्ञापालन त्यांना पदाकडे घेऊन गेले नाही. ते त्यांना वाटेच्या कडेला, कैदेत आणि देवीच्या रोग्यांत घेऊन गेले.

याउलट उदाहरणही गोव्यातच आहे, आणि ते टाळणे आम्हांला अप्रामाणिकपणाचे वाटते. वेर्णे येथे १८३६ साली जन्मलेले पाद्री आल्वारिस यांना याच पाद्रोआदोच्या वादाने निराळ्या वाटेवर नेले. १८८६ साली रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार होऊन पोर्तुगीज पालकत्वाखालील पुष्कळ चर्चे रोमच्या खात्याकडे गेली, आणि गोमंतकीय पाद्र्यांना व त्यांच्या लोकांना कोणी विचारलेही नाही. आल्वारिस वृत्तपत्रे चालवीत होते. सरकार आणि चर्च दोघांवरही त्यांनी लेखणी चालविली. शेवटी त्यांनी रोमशी नाते तोडले, मलबारच्या सुरियानी चर्चमध्ये गेले आणि १८८९ साली कोट्टायमला मार जुलियस या नावाने बिशप झाले. पुढे गोव्यात पोलिसांनी त्यांची धर्मवस्त्रे उतरवून त्यांना पणजीच्या रस्त्यांतून नेले. पटकीच्या साथीत उपयोगी पडावी म्हणून त्यांनी पुस्तिका लिहिली, गोरगरिबांना पोसले, आणि सप्टेंबर १९२३ मध्ये रायबंदरच्या इस्पितळात, रोमकडे परतण्यास अखेरपर्यंत नकार देत, ते निवर्तले. त्यांना बेइमान म्हणावे काय? आम्ही म्हणणार नाही. वाझांनी वाद अंगावर येऊ दिला नाही, आल्वारिसांनी तो ओढवून घेतला. आपल्या स्वभावास वाझांचा मार्ग अधिक मानवतो हे आम्ही कबूल करतो. परंतु प्रत्येक वेळी मौन पाळणाऱ्यालाच निष्ठावंत ठरविले तर संस्थांचे अधिकारी फार सुखी होतील, आणि ते तितके सुखी असू नयेत असे आम्हांला वाटते.

फादर वाझ सिलोनहून गोव्यास कधीच परतले नाहीत. आई-वडिलांची भूमी, स्वतः घडविलेला मठ, सांकवाळचे चर्च, यांतले काही त्यांना पुन्हा दिसले नाही. अखेरच्या वर्षांत प्रकृती ढासळली होती, तरी चालणे थांबले नव्हते. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत, वयाच्या साठाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. चोवीस वर्षे ते त्या बेटावर होते. त्यांच्यासोबत हमालाच्या वेषात उतरलेल्या जुवांवविषयी इतिहासाने फारच थोडे लिहून ठेवले आहे. दास्यपत्र न लिहिताच ज्याने दास्य केले, त्याचा स्मृतिदिन कोणत्याही पंचांगात नाही.

त्यानंतर कँडीतील वारे फिरले. पुढच्या राजांच्या कारकीर्दीत पाद्र्यांस तेथून जावे लागले, चर्च मोडले, आणि वाझांची समाधी नेमकी कोठे होती हे शोधूनही सापडलेले नाही. जुन्या गोव्याच्या टेकडीवरील त्यांचा मठ १८३५ साली पोर्तुगीज सरकारने सर्व धर्मसंघांबरोबर बंद केला. आज तेथे पडक्या भिंती आणि झाडोरा आहे. सिलोनमधील डचांचे राज्य १७९६ साली गेले आणि इंग्रजांनी १८०६ साली कॅथलिकांवरील बंधने उठविली. तेव्हा रात्रीची दारे उघडून जी माणसे दिवसाउजेडी बाहेर आली, त्यांच्या पणजोबांना जाफन्याच्या गल्ल्यांत गळ्यात माळ घातलेल्या एका भिकाऱ्याने शोधून काढले होते. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोच्या समुद्रकाठच्या मैदानावर पोप फ्रांसिस यांनी त्या भिकाऱ्यास संत म्हणून घोषित केले.